पाहुणे निघाले, सहा जण

पाणीताईंना मी बावीस वर्षं ओळखतो आणि भेटलोय फक्त एकदा. त्या एका भेटीतही त्यांच्याशी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे माझ्याबद्दल बरं वाटायला लागलं, तर हे आठवा.

मी धरणावरचा नोंदणी कारकून होतो. धरणाच्या भिंतीच्या टोकाला एक खोली आहे, तिला कंट्रोल केबिन म्हणायचं. केबिन कसली, लांबट कोंदट खोली! एक टेबल, एक रजिस्टर, भिंतीवर बारा दरवाज्यांचे बारा दिवे, आणि खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेला पुठ्ठा. साहेब सांगतील तेवढे दरवाजे ऑपरेटरने उघडायचे, आणि किती वाजता, किती दरवाजे, किती फूट, हे मी लिहायचं. तीस वर्षं तेच केलं. माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, एवढं मात्र शत्रूही कबूल करेल.

धरण आमच्या राज्यात. सोडलेलं पाणी अडीच तासांनी ज्या चौकीपाशी पोचतं, ती चौकी दुसऱ्या राज्यात. तिथे पाणीताई. नदीत उभी केलेली मोजपट्टी दिवसातून तीनदा वाचायची आणि पाणी वाढणार असेल तर पात्रातल्या लोकांना सावध करायचं, ही त्यांची नोकरी. आधी त्यांचा नवरा ती करायचा. तो गेला, त्याच्या जागी यांना घेतलं. चौकीसमोरच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. हीच चौकीची घंटा; ताई त्यावर लोखंडी सळईने ठोके द्यायच्या. ठोके ऐकले की माणसं सामानसुमान उचलून वर यायची. वाळूच्या बेटावर भाजी लावणारी चौदा घरं होती, काही धोबी होते, पंपवाले होते. सगळे त्यांना पाणीताई म्हणत. खरं नाव त्यांच्या खात्यालाच माहीत असेल.

माझी नात सध्या शाळेत संघराज्य शिकतेय. परवा पुस्तक घेऊन आली, "आजोबा, प्रश्न विचारा ना." त्यात एक चित्र आहे. वर एक चौकोन, त्यात लिहिलंय केंद्र. खाली दोन चौकोन, राज्यं. मधे ताठ बाण. बघून हसू आलं. त्या बाणांवरून निरोप कसा जातो ते मला विचारा.

एका राज्याच्या माणसाने दुसऱ्या राज्याच्या माणसाशी परस्पर बोलायचं नसतं. बोलायचं ते केंद्राच्या नदी मंडळामार्फत. म्हणजे मी दरवाजे उघडल्याचा निरोप आमच्या विभागीय कचेरीत द्यायचा. तिथून तो आमच्या राजधानीत जाणार, तिथून मंडळात, मंडळातून त्यांच्या राजधानीत, मग त्यांच्या जिल्ह्यात, मग गावच्या कचेरीत, आणि गावची कचेरी तो पाणीताईंना कळवणार. माझ्यानंतर सहा टेबलं. प्रत्येक टेबलाला पाऊण तासाची मुदत, कारण प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी सही लागते आणि सहीवाला साहेब नेमका जागेवर नसतो. करा हिशोब. साडेचार तास. आणि पाणी पोचतं अडीच तासांत!

केबिनमधल्या माझ्या पहिल्या आठ-नऊ वर्षांत हा हिशोब कुणी केलाच नव्हता. मीही नाही. माझं काम निरोप देण्याचं, मी देत होतो. मग एका संध्याकाळी बाहेरच्या लाइनीचा करडा फोन वाजला. बाईचा आवाज, ठसठशीत.

"कोण बोलतंय?"

"धरण."

"धरण बोलतं होय? मग दुपारी का नाही बोललं?"

पलीकडून सरबत्ती सुरू झाली. "माझी भाजीवाली आत्ता छातीभर पाण्यातून पोर डोक्यावर घेऊन बाहेर आली. आणि तुमचा निरोप आत्ता माझ्या हातात पडलाय. वर लाल शाईने लिहिलंय, अतितातडीचा. लाज वाटते का कुणाला?"

"बाई, मी निरोप वेळेत पाठवला होता. रजिस्टरला नोंद आहे."

"तू पाठवलास रे बाबा. पण पाण्याला थांबायला सांगितलं होतंस का, निरोप पोचेपर्यंत?"

आता मला राग यायला हवा होता. दुसऱ्या राज्यातली एक चौकीवाली बाई मला, सरकारी कारकुनाला, अरे-तुरे करत होती. पण ते छातीभर पाण्यातलं पोर काही डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "पुढच्या वेळी मीच तुम्हाला फोन करतो." त्या म्हणाल्या, "कर. आणि आवाज बारीक का तुझा? जेवतोस की नाही?"

असं आमचं सुरू झालं. वर्षातून पंधरा-वीस वेळा दरवाजे उघडायचे. मी एका फोनवर सरकारी निरोप द्यायचा आणि साहेब बाहेर गेले की दुसऱ्या फोनवरून ताईंना. कुणी ऐकलं तर पंचाईत नको, म्हणून पाणी, दरवाजे हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असं ठरलं.

"ताई, पाहुणे निघाले. चार जण."

"जेवून निघाले का उपाशी?"

उपाशी म्हणजे दरवाजे फूटभरच उघडलेत. जेवून म्हणजे चांगले वर उचललेत. मी "पोटभर जेवून" म्हटलं की ताई फोन आपटूनच घंटेकडे पळायच्या. अर्ध्या तासात बेट रिकामं. दोन तासांनी पाणी यायचं, आणि त्यानंतर दोन तासांनी सरकारचा अतितातडीचा निरोप यायचा. ताई त्यावर सही करून तो खिळ्याला अडकवायच्या. पंधरा वर्षांत एक कोंबडीसुद्धा वाहून गेली नाही. त्यांच्या राज्याला वाटायचं आपली यंत्रणा उत्तम आहे. आमच्या राज्याला वाटायचं आपली. मंडळाला वाटायचं, दोघांना आपण सांभाळतो. वार्षिक अहवालात तिघे एकमेकांचे आभार मानायचे.

ताईंच्या गावात मला 'वरचा' म्हणायचे. "वरच्याचा फोन आला" असं ताई म्हणाल्या की नवखा माणूस हात जोडायचा, आणि मग लोक हसायचे. हे सगळं त्याच सांगायच्या. पाहुण्यांचा फोन दोन मिनिटांचा, पण एरवीही अधूनमधून आमचं बोलणं व्हायचं. त्यांच्या गुडघ्याबद्दल मला माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त माहिती होती. मोजपट्टीपर्यंत उतरायला बासष्ट पायऱ्या, त्या दिवसातून तीनदा. मुलगी लांब दिलेली. नवरा छातीत दुखतंय म्हणत असताना "गॅस असेल" म्हणून कामावर गेला आणि त्या पायऱ्यांवरच बसला, तो उठलाच नाही. त्यामुळे माझ्या छातीवर त्यांचा फार डोळा. "चालताना दम लागतो का? खरं सांग." बायकोनेही कधी एवढं विचारलं नाही.

एक किस्सा सांगतोच. त्या बासष्टमधली सहावी पायरी खचली. मोजपट्टी मंडळाची, म्हणजे केंद्राची. पायऱ्या त्यांच्या राज्याने बांधलेल्या. खालची जमीन गावाची. ताईंनी मंडळाला लिहिलं. मंडळ म्हणालं, पट्टी आमची आहे, पायरी नाही. राज्याला लिहिलं. राज्य म्हणालं, पायरी फक्त पट्टी वाचायला वापरतात, तेव्हा मंडळाला लिहा. गाव म्हणालं, आम्ही त्या बाजूला जातच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ही पायरी तर तीन घरची! अडीच वर्षं असा पत्रव्यवहार चालला. शेवटी एका रविवारी ताईंनी अर्धं पोतं सिमेंट आणून पायरी स्वतः बसवली. महिन्याभरात राज्याकडून कारणे दाखवा नोटीस आली, सरकारी बांधकामात विनापरवाना बदल का केला म्हणून. ताईंनी उत्तर लिहिलं, "पाय मोडू नये म्हणून." एवढंच. मला फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मला तेव्हा वाटायचं, एवढा मोठा देश चालतो तो असाच चालत असणार. कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी फोन करत असणार, आणि वरच्या कागदात त्याचा मागमूस नसणार. मला त्याचा अभिमानही वाटायचा. खोटं कशाला बोलू, आपण काही ग्रेट करतोय असंच वाटायचं.

मग दोन्ही राज्यांत वेगवेगळी सरकारं आली आणि पाण्याच्या वाटणीवरून जुंपली. कोर्टात दावे, रोज पेपरात आरोप. आमचे पुढारी म्हणायचे, ते आमचं पाणी चोरतात. त्यांचे म्हणायचे, हे आम्हाला बुडवतात. आमच्या केबिनला नवे साहेब आले. तरुण, टापटीप, नियमाचे पक्के. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं, नाहीतर सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायचा मोह होतो. एका सोमवारी त्यांनी एक परिपत्रक टेबलावर ठेवलं. पलीकडच्या राज्याच्या कोणत्याही कर्मचाऱ्याशी थेट संपर्क ठेवायचा नाही, आजवर ठेवला असल्यास कारवाई होईल. खाली प्रत्येकाने हमीपत्र लिहून द्यायचं.

साहेब म्हणाले, "तुमची हेडक्लार्कची फाइल माझ्याकडेच आहे. हे एवढं झालं की पाठवतो."

धमकी नव्हती ती. सहज बोलले. पण एकाच खुर्चीत इतकी वर्षं झिजलेल्या माणसाला सहज बोललेलंही पुरतं. मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं, 'असा कोणताही संपर्क मी कधीही ठेवलेला नाही व ठेवणार नाही.' खाली सही, तारीख.

इथवर कुणीही मला माफ करेल. माझी बायको करते. ती म्हणते, "तुम्ही एकटे काय करणार होतात?" मी तिला पुढचं सगळं सांगितलेलं नाही.

पुढचं असं. हमीपत्र दिलं, ठीक. पण त्या दिवशी घरी जाताना कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवरून ताईंना एवढं सांगता आलं असतं, की ताई, इथून पुढे माझा फोन येणार नाही, तुमची तुम्ही काहीतरी सोय बघा. त्यांनी पहारा बसवला असता, वरच्या गावात कुणाला तरी सांगून ठेवलं असतं. बाई हिकमती होती. मी त्या फोनसमोरून सोमवारी गेलो, मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो. थांबलो नाही. काय सांगायचं, मी घाबरलो म्हणून? पंधरा वर्षं 'वरचा' म्हणून मिरवलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? उद्या सांगतो, उद्या सांगतो, असं करत तीन दिवस घालवले. दरवाजे काय लगेच उघडताहेत, म्हटलं.

गुरुवारी उघडले. सकाळी अकरा चाळीसला, सहा दरवाजे, पोटभर जेवून. अकरा बेचाळीसला मी विभागीय कचेरीला निरोप दिला, नोंद केली. साहेब माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. करड्या फोनकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

पाऊण वाजता साहेब जेवायला घरी गेले. ऑपरेटर खाली यंत्रांपाशी. केबिनमध्ये मी एकटा.

एक वाजता करडा फोन वाजला.

कुणाचा ते मला माहीत होतं. आदल्या शुक्रवारी मी ताईंना सांगितलं होतं, की छातीत जरा चमकतंय, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, रिपोर्ट गुरुवारी येणार. त्या म्हणाल्या होत्या, "गुरुवारी एक वाजता मी फोन करते. रिपोर्ट समोर ठेव आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखव." रिपोर्ट सकाळीच आला होता. माझ्या खणात होता. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "पित्त आहे, तिखट कमी खा."

फोन वाजत होता. पाणी दोन दहाला बेटावर पोचणार होतं. म्हणजे सत्तर मिनिटं. घंटेपासून बेट रिकामं व्हायला अर्धा तास. सगळं बसत होतं. नुसता रिसीव्हर उचलून "सहा" म्हटलं असतं तरी ताईंना कळलं असतं. बघायला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, राज्य नव्हतं, केंद्र नव्हतं. मी आणि तो फोन.

मी मोजलं. एकोणीस वेळा वाजला. थांबला. मी श्वास सोडला, तोच परत वाजला. त्या वेळी सात. मी रजिस्टरमधल्या रेघा आखत बसलो होतो, लाल पेनने, पट्टी धरून. ते पान मी नंतर कित्येकदा काढून पाहिलं. एकही रेघ वाकडी नाही हो!

पाणी दोन दहाला पोचलं. निरोप चार वाजून पाच मिनिटांनी. साडेचार तासांची मुदत चार बाराला संपत होती, म्हणजे सरकारच्या हिशोबाने निरोप सात मिनिटं आधीच पोचला.

बेटावरचे लोक पाणी दिसल्यावर धावले. पंप गेले, भाजी गेली, जनावरं गेली. सात माणसं एका उंचवट्यावर अडकली, त्यांना दुसऱ्या दिवशी होडीने काढलं. अहवालात जीवितहानी शून्य आहे. त्या सातांतला एक म्हातारा धोबी रात्रभर पाण्यात उभा होता, तो आठ दिवसांनी न्यूमोनियाने दवाखान्यात गेला. पण दवाखान्यातलं मरण आरोग्य खात्याच्या रजिस्टरात लिहितात. आमच्यात त्याला रकाना नव्हता.

चौकशी समिती बसली. तीन माणसांची. एक आमच्या राज्याचा, एक त्यांच्या, एक केंद्राचा. माझ्या केबिनमध्ये आले, रजिस्टर पाहिलं. केंद्राचा साहेब म्हणाला, "नोंदी अशा असाव्यात." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

दोन महिन्यांनी अहवालाची प्रत केबिनला आली. आवक नोंदवायची म्हणून माझ्याच हातात पडली. दारं लावून मी ती वाचली. समितीला एक गोष्ट खटकली होती. ताईंच्या चौकीच्या वहीत पंधरा वर्षांच्या घंटेच्या वेळा लिहिलेल्या होत्या, आणि दर वेळी घंटा सरकारी निरोपाच्या चार-चार तास आधी वाजलेली होती. ताईही नोंदीच्या पक्क्या, माझ्यासारख्याच. आम्ही दोघांनी इतकी वर्षं जपून बोलून, शब्द लपवून, शेवटी वेळ मात्र खरी लिहून ठेवली होती. समितीने विचारलं, "निरोप येण्याआधी तुम्हाला कसं कळायचं?"

उत्तर छापलेलं होतं. 'नदीचा रंग बघून कळतं.'

"मग त्या दिवशी का कळलं नाही?"

'डोळा लागला.'

भरदुपारी डोळा लागला म्हणे! जी बाई पंधरा वर्षांत एकदा रजेवर गेली नाही ती! माझं नाव घेतलं असतं तर त्या सुटल्या असत्या. निदान निम्मा दोष तरी माझ्याकडे आला असता. समितीने निष्कर्ष काढला, की दोन्ही राज्यं व मंडळ यांनी आपापली जबाबदारी मुदतीत पार पाडली, सबब दुर्घटनेस केवळ चौकी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. ताईंना कामावरून काढलं. निवृत्तिवेतनही गेलं. मी त्या अहवालाला आवक क्रमांक टाकला, फाइलला लावला. त्याच महिन्यात मी हेडक्लार्क झालो. घरी पेढे वाटले बायकोने, मीही एक खाल्ला.

पुढची सहा वर्षं मी काय केलं, तर नोकरी केली. चौकीचा नंबर बंद झाला होता, हे मला बरंच वाटलं. फोन लागलाच नसता, अशी मनाची समजूत घालायला सोपं. 'ताईंनी माझं नाव का घेतलं नाही' हा प्रश्न मात्र पिच्छा सोडेना. वाटायचं, त्यांना सगळं कळलंय, आणि मला सांभाळून त्या मला जन्मभराची शिक्षा देताहेत. तसं असतं तरी चाललं असतं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बसने गेलो. बायकोला सांगितलं, जुन्या ऑफिसचं काम आहे. मनाशी वाक्य पाठ केलं होतं, "ताई, मी केबिनमध्येच होतो. फोन वाजत होता. मी उचलला नाही." अडीच तासांच्या प्रवासात ते शंभरदा म्हटलं असेल.

गावात पत्ता विचारला, तर एका बाईने तोंड वाकडं केलं. "ती झोपाळू म्हातारी? शिंप्याच्या दुकानामागे."

शिंप्याच्या दुकानामागे एक खोली. दारात एक किरकोळ, पिकल्या केसांची बाई बसलेली, मांडीवर शर्टांचा ढीग. शिंप्याकडच्या शर्टांना बटणं लावायचं काम करत होती. मी त्यांना ओळखणं शक्यच नव्हतं, आणि त्यांनी मला. मी म्हटलं, "ताई..."

हातातली सुई थांबली. "परत बोल."

"ताई, मी..."

"अगं बाई! वरचा!" आणि त्या गुडघा विसरून उठल्या. माझे दोन्ही हात धरले, वर-खाली पाहिलं, दंड चाचपले. "जिवंत आहेस! मेल्या, एवढी वर्षं एक फोन नाही? मी म्हणत होते, गेला की काय हा. बस, बस, उभा राहू नकोस. चढून आलास? दम लागला का?"

मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसल्या. मी वाक्य जुळवत होतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"त्या दिवशी मी फोन केला होता तुला. रिपोर्ट यायचा होता ना तुझा? एक वाजता, ठरल्यासारखा. वाजून वाजून बंद झाला. परत केला. तेव्हाच माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, संपलं. ह्याला दवाखान्यात नेलेलं आहे. नाहीतर हा उचलल्याशिवाय राहायचा नाही. मी तशीच बसून राहिले रे फोनपाशी, कुणाला विचारू, कुठे करू, म्हणून. तासभर तशीच. नदीकडे बघितलंच नाही मी. मग ओरडा ऐकू आला."

त्यांनी शर्टांचा ढीग जवळ ओढला. "म्हणून समितीपुढे तुझं नाव नाही घेतलं. आजारी माणसाच्या मागे कशाला ते झेंगट? आणि खरंच, चूक माझीच होती. मी नदीकडे बघायला हवं होतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय झालं होतं रे नेमकं? अटॅक?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. देवाशप्पथ होतं.

"हो ताई," मी म्हटलं. "छोटासा."

"बघ!" त्या ओरडल्याच. शिंप्याला आतून हाक मारली. "अहो, बाहेर या. हा आमचा वरचा. मी सांगत नव्हते? त्या दिवशी हा मरता मरता वाचलाय. लोक काही का म्हणेनात. आमच्या माणसाने कधी दगा दिला नाही." शिंप्याने मला नमस्कार केला. मी उलट नमस्कार केला. ताईंनी चहा केला, बिनसाखरेचा, माझ्या हृदयासाठी.

परतताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होतो, की बरं झालं बोललो नाही. त्या बाईकडे उरलंय काय, एक माझा अटॅक, तोही काढून घेऊ? फार सोयीची समजूत आहे ही. आजही कधी कधी वापरतो. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत मी तसा काही विचार केलाच नव्हता. केबिनमध्ये ज्या भीतीने हात उचलला नाही, त्याच भीतीने तिथे जीभ उचलली नाही. तेव्हा निदान नोकरी जाणार होती. ह्या वेळी काय जाणार होतं?

ताईंकडे आता मोबाइल आहे, शिंप्याच्या मुलीने दिलेला जुना. दर गुरुवारी एक वाजता त्यांचा फोन येतो. मी बारापासूनच फोन हातात घेऊन बसतो. नात चिडवते, "आजोबांची मैत्रीण." पहिल्याच रिंगला उचलतो.

"गोळी घेतलीस का रे हृदयाची?" ताई विचारतात.

मला कुठलीच गोळी नाही. हृदय अजून ठणठणीत आहे.

"घेतली, ताई," मी म्हणतो.